हिरवा दिवा आणि रिकामी बॅटरी : राखीव विजेची गोष्ट

१/
कार्यालयातली लाइट जाते. सर्व्हरच्या खोलीत यूपीएस एकदा 'टक्' करतो, त्याच्या पडद्यावर 'बॅटरी १०० टक्के, शिल्लक वेळ २८ मिनिटे' असे दिसते आणि सगळे निर्धास्त होतात. दुसऱ्याच मिनिटाला पंख्यांची घरघर थांबते. त्यानंतरची शांतता ज्याने एकदा ऐकली, तो ती विसरत नाही. आजचा धागा त्या शांततेच्या इतिहासाविषयी आहे. धागा लांब आहे, चहा घेऊन बसावे.

२/
माझी पहिली नोकरी पुण्यातली. पगाराच्या आदल्या दिवशी सर्व्हर असाच बंद पडला आणि अर्धवट लिहिली गेलेली पगाराची नोंदवही बिघडली. यूपीएसवाल्यांचा माणूस आला. आठही बॅटऱ्यांना त्याने मीटर लावले, प्रत्येकीवर १२.८ व्होल्ट. "बॅटऱ्या ठणठणीत आहेत, दोष सर्व्हरमध्येच." सर्व्हरवाले म्हणाले, दोष यूपीएसमध्ये. तीन दिवस ही टोलवाटोलवी चालली आणि चाळीस माणसांचे पगार अडकून राहिले.

शेवटी साहेबांनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना बोलावले. काकांनी पिशवीतून मोटारीच्या हेडलाइटचा जुना बल्ब काढला, त्याला दोन तारा जोडल्या आणि एकेक बॅटरी सुटी करून तिच्यावर तो लावत गेले. चार वेळा बल्ब झगझगीत पेटला. पाचव्या बॅटरीवर तो क्षणभर उजळला आणि मग विझत्या निखाऱ्यासारखा लाल होत गेला. मीटरवरचा आकडा १२.८ वरून पाहता पाहता ६ वर आला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, नुसतं व्होल्टेज बघून काय कळणार? तिला काम सांगून बघ."

३/
काकांची ही युक्ती त्यांच्या खात्याहूनही जुनी आहे. तिचा माग काढायचा तर तारायंत्राच्या काळात जावे लागते.

हिंदुस्थानात पहिली प्रायोगिक तार कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान १८५०-५१ मध्ये विल्यम ओशॉनेसी याने टाकली. १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. त्या वेळी देशात वीजकेंद्र नव्हते, जनित्र नव्हते, भिंतीत वीज नव्हती. तारकचेरीतली सगळी वीज फडताळात मांडलेल्या घटांमधून येई. म्हणजे आज ज्याला आपण 'बॅकअप' म्हणतो, तोच तेव्हा एकमेव पुरवठा होता.

४/
आपल्याकडच्या तारकचेऱ्यांत मिनोत्तो घट फार चालत. हा डॅनियल घटाचाच भाऊ. भांड्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचूद, त्यावर ओल्या भुशाचा किंवा वाळूचा थर आणि सर्वांत वर जस्ताची चकती. डॅनियल घटात दोन द्रावणे वेगळी ठेवावी लागतात आणि भांडे हलले की ती एकमेकांत मिसळतात. मिनोत्तो घटात भुशाने ते काम केले, त्यामुळे तो नेण्या-आणण्यास सोपा आणि देखभालीस स्वस्त ठरला.

या सोयीची किंमत मात्र होती. भुशाच्या थरातून विजेला वाट काढावी लागे. घटाच्या पोटात विजेला होणाऱ्या या अडथळ्याला 'अंतर्गत रोध' म्हणतात. घट सुकला किंवा जुना झाला की हा रोध वाढतो. अशा घटावर काहीच न जोडता दाब मोजला तर तो नव्या घटाइतकाच भरतो. पण दूरच्या कचेरीला संदेश पाठवण्यासाठी प्रवाह मागितला की तो धापा टाकू लागतो. तार तुटलेली नाही, यंत्र बिघडलेले नाही, घटावर दाब पुरेपूर आहे आणि तरीही पलीकडे टिकटिक उमटत नाही. पुण्यातल्या आमच्या सर्व्हरचे दुखणे नेमके हेच होते.

५/
गेऑर्ग ओहमने १८२७ मध्येच याचे गणित मांडून ठेवले होते. तारअभियंत्यांनी ते रोजच्या वापरात आणले : घट दोनदा मोजावा, एकदा मोकळा आणि एकदा ठरावीक भार जोडून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे घटाच्या पोटातले दुखणे.

आजच्या बॅटरीवर हे करून पाहू. बॅटरी १२ व्होल्टची, भार ५० अँपियरचा. अंतर्गत रोध ५ मिलिओहम असेल तर दाब पाव व्होल्टने उतरतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच रोध ५० मिलिओहम झाला तर अडीच व्होल्ट जागच्या जागी गडप होतात. मोकळ्या मोजणीत मात्र या दोन्ही बॅटऱ्या जुळ्या बहिणी दिसतात.

६/
येथे एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. लुई श्वेंडलर. जन्माने जर्मन, नोकरी हिंदुस्थानच्या तार खात्यात, कलकत्त्याला. तारांची तपासणी आणि कचेऱ्यांची तांत्रिक मांडणी कशी करावी याचे सविस्तर सूचनापुस्तक त्याने १८७० च्या दशकात सिद्ध केले. त्यामुळे दोष शोधणे हे एखाद्या वाकबगार तारमास्तराच्या अंदाजावर न राहता मोजमापाचे काम झाले. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाच्या उभारणीतही याच श्वेंडलरचा मोठा वाटा होता. विजेचे मोजमाप करता करता त्याने वाघही पाळले, असे आमच्या गटातला एक मित्र म्हणत असतो!

७/
आतापर्यंतचे घट एकदा संपले की संपले; जस्त आणि मोरचूद नव्याने भरावे लागे. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये गास्तों प्लाँते याने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, अशी गुंडाळी करून ती सौम्य गंधकाम्लात बुडवली आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा घट जन्माला आला. गंमत अशी की तो भरायला तेव्हा दुसरे घटच लागत. डायनॅमो बाजारात आल्यावर आणि १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या लेपाचे पत्रे बनवल्यावर या शोधाचे खरे चीज झाले. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरखाली बसलेली बॅटरी याच वंशातली.

८/
पुन्हा भरता येते म्हटल्यावर एक नवीनच कामगिरी निर्माण झाली : वाट पाहण्याची. तारकचेरीतला घट दिवसभर राबत होता, त्यामुळे बिघडला की तासाभरात कळे. राखीव बॅटरी मात्र महिनोन् महिने नुसती बसून असते. ती मेली तरी सुतक कुणाला लागत नाही.

आणि बसून राहणे तिला मानवत नाही. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की बॅटरी रिकामी होताना तिच्या दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. लगेच भरली तर ते पुन्हा विरघळते. तशीच राहू दिली तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि मग ते हटत नाहीत. याउलट सतत भरत ठेवली तर शिशाच्या जाळीला गंज चढतो. उपास घडला तरी दुखणे आणि अजीर्ण झाले तरी दुखणे.

९/
हे दुखणे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट सांभाळले ते टेलिफोन एक्स्चेंजांनी. तुमच्या आजीला विचारा : गावातली लाइट गेली तरी तिचा तबकडीचा फोन चालत असे. कारण त्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने घरापर्यंत येत होती.

या व्यवस्थेतली खरी हुशारी जोडणीत होती. भिंतीतली वीज रेक्टिफायरमधून जाऊन एकाच वेळी यंत्रेही चालवी आणि बॅटरीही भरलेली ठेवी. वीज गेली की रेक्टिफायर थांबे आणि बॅटरी आपोआप भार उचले. मध्ये कळ नाही, खटका नाही, 'टक्' नाही. जे बदलायचेच नाही ते बदलताना बिघडणार कसे?

१०/
एक्स्चेंजमधली बॅटरीची खोली हे एक वेगळेच जग असे. मोठमोठी पारदर्शक भांडी, आत दिसणारे काळपट पत्रे, आम्लाचा नाकाला झोंबणारा वास. हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाहायची, ती साधारण १.२१ च्या आसपास भरली पाहिजे. पातळी उतरली तर ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. तळाशी गाळ किती साचला ते बघायचे. एक घट नमुन्याचा म्हणून ठरवून त्याची नोंद वरचेवर घ्यायची. आणि हे सगळे रजिस्टरात लिहायचे, तारीख आणि सही घालून. आमच्या काकांनी उमेदीची वर्षे अशाच एका खोलीत काढली होती.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने तर या विषयाचा पिच्छाच पुरवला. १९७० मध्ये त्यांनी नव्या घटाविषयी लेखमालाच प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे गंजत गेलेली शिशाची जाळी फुगते, पसरते आणि तिच्यावरचा लेप सुटतो, हे त्यांना ठाऊक होते. फुगणे थांबवता येत नाही, तर ते नीट फुगू द्यावे, असा त्यांनी विचार केला. मिश्रधातूऐवजी शुद्ध शिसे घेतले, चौकोनी उभ्या पत्र्यांऐवजी गोल, किंचित शंकूसारख्या ताटल्या एकावर एक रचल्या. जाळी वाढली तरी लेपाला घट्ट धरूनच वाढेल, अशी ती रचना होती. माझ्या मते विसाव्या शतकातल्या अभियांत्रिकीतला हा एक अत्यंत देखणा विचार आहे आणि त्याविषयी कुणी फारसे बोलत नाही.

११/
मग कार्यालयांत संगणक आले. आम्लाची खोली प्रत्येक कचेरीला कशी परवडणार? १९७० आणि ८० च्या दशकांत बंदिस्त शिसे-आम्ल बॅटऱ्या बाजारात पसरल्या. आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले, झाकण कायमचे बंद, पाणी घालायला नको. जाहिरातीत शब्द आला, 'मेंटेनन्स फ्री'. या दोन शब्दांनी जितके सर्व्हर पाडले असतील तितके विजेच्या कडकडाटानेही पाडले नसतील, असे माझे ठाम मत आहे.

देखभाल लागत नाही याचा अर्थ देखभाल करता येत नाही, एवढाच होता. हायड्रोमीटर बुडवायला जागा नाही, गाळ दिसत नाही, पातळी दिसत नाही. पत्रे आतल्या आत सुकतात, गंजतात. मग रजिस्टर तरी कशासाठी ठेवायचे? ते गेले आणि त्याच्या जागी एक हिरवा दिवा आला.

१२/
हिरवा दिवा काय सांगत नाही, ते पाहू.

यूपीएसमधल्या बॅटऱ्या एकापाठोपाठ एक, साखळीने जोडलेल्या असतात. एकीच्या आतला जोड तुटला की बाकीच्या सातांचा उपयोग शून्य. शिवाय बहुतेक यूपीएस स्वतःची चाचणी घेतात ती काही सेकंदांची. दहा सेकंद धावू शकणारा माणूस दहा मैल चालेलच असे नाही.

पडद्यावरच्या मिनिटांचीही अशीच गोष्ट आहे. १८९७ मध्ये विल्हेल्म पॉयकेर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की बॅटरीतून वीज जितक्या घाईने उपसाल, तितकी ती एकूणात कमी देते. १०० अँपियर-तासांची बॅटरी ५ अँपियरने वीस तास चालते. तिच्यातून १०० अँपियर मागितले तर तास सोडाच, अर्ध्या तासाच्या आसपास ती मान टाकते. यूपीएस घेतला तेव्हा एक सर्व्हर होता, आता तीन आहेत, हे कुणी त्या यूपीएसला सांगितलेले नसते.

उष्णता हा तिसरा शत्रू. बंदिस्त बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सियस धरून छापलेले असते. तापमान सतत आठ-दहा अंशांनी जास्त राहिले तर ते जवळपास निम्मे होते. शनिवारी संध्याकाळी वीजबिल वाचवायला एसी बंद करणाऱ्या, आणि त्यातही विदर्भातल्या, कचेऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

राहिली आपली खास सवय : साखळीतली एकच मेलेली बॅटरी बदलायची आणि 'काम भागले' म्हणायचे. थकलेल्या बैलाबरोबर नवा बैल जुंपला तर शेतकऱ्याला विचारा, मरतो कोण. जुन्यांचा रोध वेगळा, नवीचा वेगळा. भरताना वाटणी असमान होते आणि नवीही अकाली म्हातारी होते.

१३/
आता या धाग्यातला मुख्य प्रसंग. यात बॅटऱ्यांचा काहीही दोष नव्हता, म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

न्यूयॉर्क, मॅनहॅटन. थॉमस स्ट्रीटवर २९ मजल्यांची एक इमारत आहे, तिला खिडक्या नाहीत. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीसाठी ती १९७४ मध्ये पूर्ण झाली. अणुबाँब पडला तरी आतली यंत्रणा दोन आठवडे स्वतःच्या बळावर तगावी, अशा बेताने तिची रचना केलेली होती.

१४/
मंगळवार, १७ सप्टेंबर १९९१. शहरात उकाडा होता, विजेची मागणी वाढली होती. वीज कंपनीशी असलेल्या करारानुसार अशा दिवशी इमारतीने बाहेरची वीज सोडून स्वतःच्या डिझेल जनित्रांवर जायचे होते. (न्यूयॉर्कचे लोडशेडिंगच म्हणा, फक्त सभ्य आणि ठरवून केलेले.) सकाळी दहाच्या सुमारास बदल झाला. जनित्रे सुरू झाली.

पण जनित्र आणि यंत्रे यांच्यामधले रेक्टिफायर संरक्षक रिले सुटल्यामुळे बंद पडले. आणि एक्स्चेंजची व्यवस्था ज्यासाठी केलेली असते तेच घडले : बॅटऱ्यांनी भार उचलला. 'टक्' नाही, झटका नाही. एकही फोन तुटला नाही. बिघाड इतक्या सफाईने झाकला गेला की तो झाला आहे हेच कुणाला कळले नाही.

१५/
धोक्याच्या सूचना होत्या. पण दिवे लागले ते जिथे कुणी नव्हते तिथे, आणि आवाज करणाऱ्या सूचना कुणाच्या कानापर्यंत पोहोचल्या नाहीत. जनित्रावर गेल्यानंतर तंत्रज्ञाने वीजखोलीत प्रत्यक्ष फेरी मारून पाहावे असा नियम होता. त्या दिवशी ती फेरी झाली नाही. वीजयंत्रणा सांभाळणारी काही माणसे एका प्रशिक्षणवर्गाला गेली होती. वर्ग होता नव्या धोकासूचक यंत्रणेचा.

सुमारे सहा तास बॅटऱ्या एकट्या झुंजत राहिल्या. दुपारी उशिरा प्रकार लक्षात आला, तेव्हा त्यांत त्राण उरले नव्हते. पाचच्या सुमारास यंत्रे पडली.

१६/
सुमारे ५० लाख फोन अडले. तेवढेच असते तर गोष्ट गैरसोयीची म्हणून विसरली गेली असती. पण विमानांना दिशा देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या खाजगी तारा याच इमारतीतून जात होत्या. आकाशात विमाने आणि जमिनीवरच्या नियंत्रकांचे एकमेकांशी बोलणे तुटलेले. केनेडी, ला गार्डिया आणि न्यूअर्क हे तिन्ही विमानतळ ठप्प झाले. ईशान्य अमेरिकेतल्या ३९८ विमानतळांच्या वाहतुकीवर परिणाम झाला. अपघात झाला नाही, हे नशीब.

नंतरच्या चौकशीत तीन कारणे पुढे आली : सदोष वीजसामग्री, न पाळलेली कार्यपद्धती आणि न पाहिलेल्या सूचना. यांतले पहिले कारण सकाळी दहाचे. उरलेल्या दोघांना सहा तास मिळाले होते.

पुण्यात आमची बॅटरी खोटे बोलत होती. मॅनहॅटनमध्ये त्या खरे बोलत होत्या. दाब दर तासाला उतरत होता, पण मोजायला तिथे कुणी नव्हते.

१७/
त्यानंतरही हे घडतच आले आहे. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजची संगणकव्यवस्था कोसळली आणि सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये एकाने वीजपुरवठा तोडला आणि तो अनियंत्रितपणे पुन्हा जोडला गेल्यामुळे यंत्रांचे नुकसान झाले, असे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. तिथे वीज जाण्यापेक्षा वीज परत येणे महागात पडले.

आणि आता शिशाची जागा लिथियम घेत आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. दहा वर्षांहून जुन्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरच्या मजल्यावरून तळघरात हलवण्याचे काम चालू होते. त्या सर्व्हरजवळ असणे धोक्याचे, म्हणूनच हलवत होते. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकरांच्या फायली साठवणाऱ्या एका यंत्रणेतली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. जिने सर्व्हरला सांभाळायचे, तिनेच तो जाळला.

१८/
पुण्याकडे परत येतो. काकांनी आठही बॅटऱ्या बदलायला लावल्या. साहेबांनी कुरकुर केली : "सात तर चांगल्या आहेत ना?" काकांनी फक्त जुन्यांवर छापलेला महिना दाखवला. पाच वर्षे होऊन गेली होती. नव्या आल्या तेव्हा प्रत्येकीवर त्यांनी मार्करने तारीख घातली, क्रमांक घातला. मग स्टेशनरीच्या कपाटातून दोनशे पानी वही मागून घेतली आणि रकाने आखले : तारीख, क्रमांक, मोकळा दाब, बल्ब लावून दाब, खोलीचे तापमान, सही.

दर तीन महिन्यांनी, रविवारी, कचेरी बंद असताना ते यायचे. सर्व्हर रीतसर बंद करून यूपीएसवर तेवढ्याच ताकदीचे हीटर लावायचे, भिंतीतली वीज काढायची आणि घड्याळ लावून बसायचे. किती मिनिटे टिकला, ते वहीत. पहिल्या वेळी १९, वर्षभराने १७. मी ती नोकरी सोडली तेव्हा १४ होती, आणि समोरच्या रकान्यात काकांनी लिहिले होते : 'दिवाळीपूर्वी बदलाव्यात.'

(धागा समाप्त. तुमच्या कचेरीतल्या यूपीएसवर बॅटरी बसवल्याची तारीख लिहिलेली आहे का, ते उद्या पाहून इथे सांगा.)